हिरेमठ सरांची स्काउटची पोरं

आमच्या स्काउट पथकातले आम्ही तिघं-चौघं अजूनही सोलापुरात भेटतो. "गुडघे काय म्हणतात?" हे विचारून होईपर्यंत कुणीतरी म्हणतं, "ते मोहोळचं आठवतंय का रे?" संपलं! चहा गार होतो, घरातली माणसं उठून जातात. सत्तरच्या दशकातले किस्से, पण अजून एकही शिळा झालेला नाही.

पथक हिरेमठ सरांचं. कपाळाला विभूती, गळ्यात शिट्टी आणि मराठीला कानडी हेल.

*

पथकाला स्कार्फ हवे होते. आमच्यातल्या व्यंकटेशचे वडील विणकर. ते म्हणाले, "विकत कशाला? मी विणून देतो की!"

दिलेही. पण माग चादरीचा! प्रत्येकाच्या गळ्यात चादरीवरचा जाडजूड मोर. जिल्ह्याच्या मेळाव्यात बाकीची पथकं खो खो हसली. पाहुण्यांनी विचारलं, "ही कुठली मुलं?"

सर ताठ उभे. "विचारायला लागतंय होय? सोलापूरची!"

*

मोहोळजवळ कॅम्प होता. आम्ही तंबू ठोकत होतो. एक आजोबा बांधावर येऊन बसले.

"पोलिस हाय का तुमी?"

"नाही आजोबा, स्काउट."

"पगार किती?"

"पगार नसतो."

"मग हितं उन्हात काय करताय?"

"सेवा!"

आजोबांनी बराच विचार केला. "घरी सांगून आलाय न्हवं?"

*

स्काउट डाव्या हातानं हस्तांदोलन करतात. आमच्या रफिकनं घरी पाहुण्यांपुढे डावा हात केला आणि अब्बांचा पारा चढला. "उल्टा हात? मास्टर येइच सिखाता क्या?"

सर समजवायला स्वतः घरी गेले. अब्बांनी सगळं ऐकून घेतलं, सरांच्या उजव्या हातात चहाचा कप दिला, स्वतः एक घेतला आणि डावा हात पुढे केला. "अब मिलाव! सीधा तो खाली नई!"

*

श्रीपूरला माग काढायची परीक्षा होती. सरांनी वाटेवर दगडांचे बाण मांडले होते. ऊसतोड कामगारांच्या पोरांनी ते सगळे आपल्या कोप्यांकडे, पाचटाच्या झोपड्यांकडे वळवले! आम्ही इमानदारीत तिथंच पोचलो. बायांनी भाकरी-ठेचा पुढे ठेवला.

तासाभरानं सर आले, घामाघूम, लालबुंद. कुणी काही बोलायच्या आत एका बाईनं त्यांच्याही हातावर भाकरी ठेवली.

सर खाली बसले. म्हणाले, "बाण बरोबर हाय की!"

*

दुष्काळाच्या उन्हाळ्यात आमच्या पथकाला केम स्टेशनवर पाणी वाटायचं काम होतं. गाडी थांबली की बादल्या घेऊन पळायचं. डबे कामाला निघालेल्या माणसांनी खचाखच भरलेले.

एका खिडकीतल्या माणसानं पेला घेतला, रफिकला नाव विचारलं. त्यानं सांगितलं. माणसानं पेला तसाच परत केला.

रफिक तोच पेला घेऊन पुढच्या खिडकीशी गेला. तिथं एक म्हातारी होती, ओठ सुकलेले. तिनं पेला धरला आणि विचारलं, "कुणाचा रं तू, लेकरा?"

रफिकनं बादली खाली ठेवली आणि मागच्या खिडकीकडे बघितलं.

मागून हिरेमठ सर म्हणाले, "माझा."

म्हातारीनं सरांच्या कपाळावरची विभूती बघितली, रफिककडे बघितलं. घटाघटा पाणी प्याली. पेला परत देत म्हणाली, "तरीच! नाक बापावर गेलंय."

गाडी सुटली. रफिक फलाटावर नाकाला हात लावून उभा होता.