आतोबांचं सारवण

साऱ्या मुंबई बेटात स्वतःच्या हातांनी शेणाने जमीन सारवणारा पेन्शनर एकच होऊन गेला, आणि तो नेमका आमच्या नात्यातला निघाला. आमचे आतोबा, म्हणजे माझ्या थोरल्या आत्याचे यजमान. तीस वर्षं मोजणीच्या कचेरीत नकाशे उतरवण्यात गेलेली, अक्षर मोत्यासारखं, पगडी कधी तसूभर वाकडी नाही. असा गृहस्थ दर चार दिवसांनी धोतर खोचून, गुडघे टेकून, कोपरापर्यंत हात शेणात घालून बसलेला मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा माझं लग्न होऊन पुरते सहा महिनेही झाले नव्हते. माझं सासर परळला. परळहून दादरला शेतांतून जी पायवाट जाई तिच्यावरच्या प्रत्येक माणसाला ही गोष्ट ठाऊक होती, त्यामुळे ती सासूबाईंपासून लपवण्याचीही सोय नव्हती. त्या मला काही बोलल्या नाहीत. फक्त त्या दिवसापासून शेणाची पाटी दिसली की माझ्याकडे पाहून हसू लागल्या.

दादर तेव्हा गाव होतं. माडांच्या वाड्या, मधून भाताची खाचरं आणि पश्चिमेकडे झाडांआड कुठे तरी समुद्र. दुपारी आतोबांच्या ओटीवर बसलं की माडाच्या सावल्या अंगणात इतक्या सावकाश सरकत की सरकतात हे ध्यानातच येत नसे. परळच्या गिरणीचा भोंगा ऐकू येई, पण तो दुसऱ्याच कुठल्या मुलखातल्या माणसांना बोलावतोय असं वाटे. आत्याने गिरगावात तीस वर्षं दिवसाढवळ्या दिवा लावून संसार केला होता. तिचं एकच मागणं होतं, म्हातारपणी अंगण असावं आणि अंगणात आपली तुळस असावी. पेन्शन लागताच आतोबांनी वडिलांच्या वेळची ही वाडी झाडून घेतली आणि तिला इथे आणलं.

हे एका माणसाला मान्य नव्हतं. तो म्हणजे त्यांचा मुलगा, माझा आतेभाऊ, ज्याला आम्ही सगळे दादा म्हणत असू. दादा गिरगावात तिसऱ्या मजल्यावर राही. माणूस मनाने चांगला, पण आईबापांना रानात टाकलंय असं कुणी म्हणेल या धास्तीने त्याला झोप लागत नसे. शेवटी बापलेकांत करार ठरला. आईचे हातपाय चालताहेत तोवर दादाने गप्प राहायचं. ती एकदा जरी धडपडलेली दिसली, तर त्याच दिवशी बैलांची दमणी आणून तो दोघांना गिरगावात नेणार. आत्याला गिरगावचं नाव काढलं तरी धाप लागे. तिथे गेले तर मला एका कोपऱ्यात बसवतील आणि मी त्या कोपऱ्यातूनच जाईन, असं ती म्हणे.

आतोबांनी नोकरी सोडली, पण मोजणीने त्यांना सोडलं नव्हतं. माडांना त्यांनी नंबर दिले होते, आणि ताडी काढणारा भंडारीही बिचारा, सात नंबरला आज काही नाही, असा रिपोर्ट देई. तुमची वाडी कुठे असं कुणी विचारलं तर चिंचेपासून ईशान्येला एकशे चाळीस पावलं, असं उत्तर मिळे, आणि ती पावलं आतोबांच्या उंचीच्या माणसाची असं वर बजावून सांगितलं जाई. घराची डागडुजी हा तर त्यांचा धर्मच झाला होता. छपराची कौलं चाळायची म्हणून त्यांनी आधी छपराचा नकाशा काढायला घेतला. नकाशा सुरेख झाला, पण तोवर छपरातून इतकं आभाळ दिसू लागलं होतं की कौलं चाळणाऱ्या गड्याला बोलावून आणावं लागलं, आणि त्याने नकाशा उलटा धरून दीड दिवसात काम उरकलं.

बरं, केलेली दुरुस्ती तरी धड असावी. स्वयंपाकघराच्या मागल्या दारापासून विहिरीपर्यंत त्यांनी कपडे वाळत घालायला काथ्याची दोरी बांधली, ती कमरेच्या उंचीवर. धोतर घातलं की त्याचं टोक मातीत लोळे. माजघराची दोन दारं त्यांनी बिजागऱ्यांसकट काढून माळ्यावर टाकली, का तर वारा अडतो म्हणे. विहिरीचा रहाट असा किंचाळे की शेजारच्या वाडीतल्या कोंबड्या बिथरत. मी एकदा त्याला खोबरेल घालायला निघाले, तर आतोबांनी माझ्या हातातली वाटी काढून घेतली आणि म्हणाले, "पोरी, विहिरीने बोलत राहावं. मुकी विहीर वाईट." स्वयंपाकघरातही त्यांचंच राज्य. मिठाची बरणी डावीकडून पहिली, तिखटाची दुसरी, पळी तिसऱ्या खुंटीला. मी एकदा मीठ चुलीजवळ ठेवलं, तर सरकारी हद्दीचा दगड हलवणाऱ्याला सजा होते, असं त्यांनी मला अगदी गंभीरपणे ऐकवलं. आत्या चुलीपुढे बसून गालातल्या गालात हसत होती.

पण लोकांची खरी करमणूक व्हायची ती ही दोघं देवदर्शनाला निघाली की. आतोबा पुढे, आत्या मागे आणि दोघांच्या मध्ये एक मिटलेली छत्री. मूठ आतोबांच्या हातात, टोक आत्याच्या हातात. अशी वरात दर शनिवारी प्रभादेवीला जाई आणि तशीच परत येई. चारचौघांत बायकोचा हात धरायचा तो काळ नव्हता हे खरं, पण बायकोला छत्रीने ओढत नेण्याचाही नव्हता. वाटेवरच्या कोळणी पाट्या खाली ठेवून हसत. आतोबा पगडी सावरून त्यांना रामराम करत.

आणि मग ते सारवण. माझ्या माहेरची आणि सासरची सगळी माणसं सांगतील की मला फारसं काही येत नाही, पण माझ्या सारवणाला कुणी नाव ठेवणार नाही. अशा माझ्या डोळ्यांना आतोबांची जमीन म्हणजे शिक्षा होती. शेणात माती इतकी घालत की तो चिखलच होई. शिवाय सपाट करायचं नावच नाही. बोटाएवढ्या जाड रेघा ठेवलेल्या, कुठे एक, कुठे दोन जोडीने, कुठे उंबऱ्यापुढे चंद्रकोरीसारखं काहीतरी. नव्या माणसाला हमखास ठेच लागे. मी एकदा धीर करून म्हटलं, आत्याचे गुडघे दुखतात तर मी येऊन सारवत जाईन. आतोबा म्हणाले, बायकांचं सारवण मापात नसतं. मी मनात म्हटलं, एकदा दाखवतेच तुम्हाला.

ती संधी मार्गशीर्षातल्या एका शनिवारी आली. दुसऱ्या दिवशी दादा आणि वहिनी जेवायला यायची होती. तुझी आई आताशा थकली बरं का, असं कुणी तरी दादाच्या कानावर घातलं होतं, आणि तो काही नुसता जेवायला येत नव्हता हे आम्हा सगळ्यांना कळत होतं. मी मदतीला म्हणून सकाळीच वाडीवर गेले, तर दोघं छत्री घेऊन प्रभादेवीला गेलेली. घर मोकळं. दादाने ही ओबडधोबड जमीन पाहिली तर आईबापांचे हाल होताहेत असंच म्हणेल, असं माझ्या मनाने घेतलं. पदर खोचला, विळ्याने सगळ्या रेघा खरवडून काढल्या, ताजं शेण पातळ कालवलं आणि ओटीपासून परसदारापर्यंत सारं घर सारवून काढलं. इतकं सुंदर सारवण मी पुन्हा कधी केलं नाही. थंड उन्हात ते भराभर सुकलं आणि घरात हिरवा मंद वास भरून राहिला. मी ओटीवर बसून शाबासकीची वाट पाहू लागले.

ती दोघं आली. आत्याने पाय धुतले, छत्रीचं टोक सोडलं, नेहमीसारखं भरभर आत पाऊल टाकलं आणि थांबली. मग तिचा उजवा पाय जमिनीवरून हळूहळू फिरू लागला, पुढे, बाजूला, पुन्हा पुढे. काहीतरी हरवलंय आणि ते ती पायाने शोधतेय असं मला वाटलं. तिचे हात तिने पोटाशी धरले होते.

"हे कुणाचं घर गं?" ती म्हणाली.

मी हसायला गेले, पण हसू ओठातच राहिलं. ती मला विचारत होती, पण तिची नजर माझ्या शेजारच्या खांबावर होती.

आतोबांनी जमीन पाहिली. मला वाटलं आता हद्दीच्या दगडाचं पुराण सुरू होणार. पण ते नुसते पायरीवर बसले, पगडी काढून मांडीवर ठेवली आणि माडांकडे पाहत राहिले. त्यांना असं हातपाय गाळून बसलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. ती कमरेएवढी दोरी, तो किंचाळणारा रहाट, त्या जागच्या जागी बरण्या, सगळं एकदम माझ्यापुढे उभं राहिलं, आणि मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. दोन वर्षं मी त्या घरात येत-जात होते, आत्याच्या हातचं जेवत होते, आणि डोळे असून मला दिसलं नव्हतं.

थोड्या वेळाने ते उठले आणि त्यांनी मला शेण उरलंय का एवढंच विचारलं.

दुपारभर आम्ही दोघांनी गुडघ्यांवर रांगून ते घर पुन्हा केलं. एक रेघ चुलीची, दोन रेघा देवघराच्या, तिरपी रेघ परसदाराची, उंबरा आला की चंद्रकोर. वळणाशी रेघ किती आधी वळवायची ते आतोबा मला छत्रीच्या टोकाने मोजून दाखवत. दादाला कळलं तर काय होईल हे दोघांनाही माहीत होतं, म्हणून हात थांबत नव्हते. आत्या पायरीवर उन्हात बसून वाती वळत होती. मी रडते आहे हे तिला कसं कळलं कोण जाणे. "रडू नकोस," ती म्हणाली, "डोळ्यांच्या डॉक्टरने हात टेकले त्याला आता तीन वर्षं झाली. आमचं यावर बोलणं असं कधी झालंच नाही बघ. एके दिवशी पायाखाली रेघ लागली. मी तिच्यावरून चालत गेले, तर चूल आली." आतोबा खाली मान घालून सारवत होते. शेवटची रेघ, तुळशीकडे जाणारी, त्यांनी मला एकटीला काढू दिली. एवढी शाबासकी मला आयुष्यात कुणी दिली नाही.

रविवारी दादा आला तोच मुळी उंबऱ्यापुढच्या चंद्रकोरीला अडखळून. आत्या मात्र सुळसुळ फिरत होती. पानं मांडली, वहिनींची चौकशी केली, भाताची मूद पानाच्या बरोबर मध्यावर पडली. आतोबांचा घास हातातच होता. मग दादाला उकडायला लागलं आणि त्याने आपला पाट वाऱ्यासाठी दाराकडे ओढला, तो नेमका चुलीच्या रेघेवर. त्याच वेळी आत्या कढत वरणाचं पातेलं घेऊन निघाली.

"चिरंजीव, पाट वीतभर मागे," आतोबा खड्या आवाजात म्हणाले. "पंगत रेषेत हवी."

दादा वैतागला. पेन्शनीत तरी मोजणी पुरे करा, असं काहीसं पुटपुटला, पण सरकला. आत्या त्याच्या गुडघ्याला पदर घासून गेली आणि तिने त्याच्या पानात वरण वाढलं, एक थेंब बाहेर नाही. निघताना दादाने मला बाजूला घेतलं आणि सांगितलं, आई ठणठणीत आहे, पण बाबांचं काही खरं नाही, त्यांच्या सारवणाने एखादा मरेल. मी मान डोलावली.

त्यानंतर आत्याला चार वर्षं मिळाली, सगळी त्या अंगणात. एका फाल्गुनात सकाळी ती तुळशीला पाणी घालायला गेली आणि वृंदावनाला टेकून बसली ती बसलीच. विहिरीच्या पाण्याने तिचा ओचा अजून ओला होता असं आतोबा सांगत. ते सांगताना पुन्हा पुन्हा म्हणत, की ती तिथवर एकटी गेली होती.

दिवसकार्य आटपून महिना झाल्यावर मी वाडीवर गेले. शेजारची भंडारीण कुंपणाशीच भेटली आणि कौतुकाने म्हणाली, "म्हाताऱ्याला सारवायला आलं गो शेवटी. जाऊन बघ तरी." अंगणात काथ्याची दोरी पुरुषभर उंचीवर बांधली होती आणि तिच्यावर एकच धोतर वाळत होतं. आतोबा ओटीवर बसले होते. पुढच्या आठवड्यात दादा दमणी घेऊन येणार होता, म्हणून सगळी डागडुजी करून ठेवली, म्हणाले. मी सारवणाकडे पाहिलं. ओटीपासून पार आतपर्यंत जमीन सपाट, गुळगुळीत, माझ्याहूनही सरस हात. मी तसं म्हटलं, तर ते म्हणाले, "हे काय गं, हे कुणालाही येतं."

उन्हातून चालत आलीस, पाणी घे, म्हणून ते विहिरीवर गेले. रहाट फिरताना मला दिसत होता, पण त्याचा आवाज येत नव्हता. त्याला तेल घातलं होतं. भांडं आणावं म्हणून मी आत वळले, उंबरा ओलांडून पाऊल टाकलं, आणि स्वयंपाकघर कुणीकडे ते मला क्षणभर सुचेना.