नऊशे बारा किलोंचा कॅमशाफ्ट

ऑस्ट्रेलियातल्या लॉक्स्टनच्या द्राक्षमळेवाल्यांना लिंडसे नॉस्केबद्दल विचारा, एक गोड शब्द ऐकायला मिळायचा नाही. वाइनरीच्या वजनकाट्यावर तो एकतीस वर्षं बसला आणि तेवढ्या काळात त्याने कुणाला एक घड जास्तीचा दिला नाही. सख्ख्या बापाच्या ट्रॉलीवर कुत्रं चढून बसलं होतं, तर त्याने कुत्र्याला उतरवून वेगळं तोललं आणि चौदा किलो कापले. बाप महिनाभर बोलला नाही.

असा माणूस मरे नदीत शर्यतीची बोट घेऊन उतरला, हीच मुळात चूक. बोटवाल्यांचा सगळा व्यवहार थापांवर चालतो. बोट हलकी सांगायची, इंजिन तगडं सांगायचं आणि स्वतःच्या पोटाचा तर उल्लेखच करायचा नाही.

ईस्टरच्या शर्यतीत लिंडसे सलग अकरा वर्षं दुसरा येत होता. पहिला यायचा त्याचा मेव्हणा, नेव्हिल झ्वार. बारावं वर्ष लागलं तेव्हा बायकोने, म्हणजे ग्लेंडाने, फर्मान काढलं.

"या खेपेला हरलास तर बोट नेव्हिलला विकायची. तो मागतोच आहे. तिच्यापायी शेड अडलीय आणि माझी गाडी सात वर्षं उन्हात उभी आहे."

बोट लिंडसेने सहा हिवाळे खपून स्वतःच्या हातांनी बांधली होती. शेवटी त्याने ठरवलं, इंजिनाचा कॅमशाफ्ट बदलायचा.

इंजिनाच्या झडपा कधी उघडायच्या आणि किती वेळ उघड्या ठेवायच्या, हे हा दांडा ठरवतो. रानटी दांडा घातला तर इंजिन खालच्या फेऱ्यांना खोकतं आणि वरच्या फेऱ्यांना पिसाळतं. हलक्या बोटीला तो शोभतो. शहाणा दांडा खालूनच ओढतो, पण वर दम सोडतो. तो जड बोटीसाठी. म्हणजे सगळी मेख वजनात, आणि वजन हा तर लिंडसेचा प्रांत.

त्याने काट्यावर सगळं तोललं. बोटीचं अंग चारशे छत्तीस, इंजिन दोनशे एकाहत्तर, पेट्रोल अडतीस, स्वतः चौऱ्याण्णव आणि शेजारी बसणारी ग्लेंडा त्र्याहत्तर. बेरीज नऊशे बारा. मग मिल्ड्युराला दांडे घासून देणाऱ्या आर्च डन्स्टनला फोन लावून त्याने एकेक आकडा खणखणीत आवाजात सांगितला. ग्लेंडा शेजारच्याच खोलीत होती. तीन दिवस तिने त्याला चहा विचारला नाही.

दांडा आला, बसवला, बोट पाण्यात सोडली. निघाली ती अशी की लिंडसेची टोपी मागेच राहिली. पण सरळ पट्ट्यात इंजिन ऐन रंगात यायच्या वेळी म्हाताऱ्या बैलासारखं बसलं. शर्यतीला दोन दिवस उरले होते. त्याने आर्चला फोन केला.

"एवढ्या हलक्या बोटीला इतका शहाणा दांडा कसा दिलास?"

"हलकी कुठली? हजार बासष्टची आहे की."

"नऊशे बारा म्हणालो होतो मी."

"हो ना. त्यात मी दीडशे मिळवले. सगळ्यांच्यात मिळवतो. थांब. तू खरं वजन सांगितलं होतंस?"

"काट्यावरचं."

"अरे, मग तसं आधी सांगायचं नाही का? चाळीस वर्षांत माझ्याकडे कुणी असला चावटपणा केला नव्हता."

दुसरा दांडा घासायला दहा दिवस लागणार होते. आर्चने तोड सुचवली. "बोटीला पाण्यातून ढकलणारा पंखा बदल. पात्यांना जास्त पीळ असलेला लाव. तुझ्या इंजिनात खालचा जोर आहे. फेरे कमी घेऊ दे, पण पावलं लांब टाकू दे."

असा पंखा गावात एकाकडेच होता, नेव्हिलकडे. त्याच्या पिसाळलेल्या इंजिनाला तो फिरवता येत नव्हता, म्हणून भिंतीवर टांगलेला.

"कशाला हवाय, दाजी?" नेव्हिलने विचारलं.

लिंडसेला खोटं बोलता येत असतं तर तो इथे बोलला असता. "माझं इंजिन खालून जोरात ओढतं. हा पंखा बसवला तर मी तुला वळणांवर गाठून हरवीन."

नेव्हिल एवढा हसला की त्याला खोकला आला. "काट्यावर खरं बोलता ते ठीक, दाजी, पण बोटीच्या गप्पांत कुणी खरं बोलतं का? इंजिन फसलंय म्हणा ना सरळ. न्या, न्या. सोमवारी बोट माझी झाली की पंखाही घरी येईल."

शर्यत बेटाभोवती तीन फेऱ्यांची. प्रत्येक वळणावर नेव्हिलचं इंजिन खोकायचं, आणि ते जागं होईतो लिंडसे पुढे निसटलेला असायचा. सरळ पट्ट्यात नेव्हिल पुन्हा अंगावर यायचा. शेड रिकामी करायला निघालेली ग्लेंडाच नवऱ्याच्या पाठीत बुक्क्या घालत होती. "दाब की मेल्या! आला तो!"

लिंडसे एका बोटीच्या लांबीने जिंकला.

सॉसेजच्या शेगडीपाशी सगळ्यांनी त्याला घेरलं. दांडा कुठला, पंखा किती पिळाचा, वजन किती? त्याने झाडून सगळं खरं सांगितलं. कुणी एक अक्षर लिहून घेतलं नाही. एकमेकांना डोळे मारले.

"नऊशे बारा म्हणे," एक मळेवाला म्हणाला आणि त्याने लिंडसेच्या हातात थंड बिअर दिली. "शिकलास रे शेवटी. आता तू आमच्यातला."

लिंडसे खिशातून काट्याची पावती काढणार, तेवढ्यात ग्लेंडाने त्याच्या कोपराला करकचून चिमटा काढला.

"पुढच्या वर्षीही जिंकायचंय ना? मग पी गुपचूप."

गप्प बसणं म्हणजे काही खोटं बोलणं नव्हे, अशी मनाची समजूत घालून लिंडसेने पहिला घोट घेतला.