खरकटा हात

काल जेवताना आईने भाताने माखलेला हात सरळ लोणच्याच्या बरणीत घातला.

दुसऱ्या कुणाला यात काही वाटणार नाही. पण माझ्या आईच्या जगाचे दोनच भाग होते, खरकटं आणि चांगलं. भाताला लागलेला उजवा हात खरकटा, म्हणून जेवताना वाढून घ्यायचं ते डाव्या हाताने. लोणच्याच्या बरणीला तर धुऊन कोरडा केलेला हातच लागायचा. लहानपणी मी वैतागून विचारायचे, "काय होतं गं एवढ्याने?"

"बुरशी येते. तुला काय कळायचंय! सरमिसळ झाली की सगळंच नासतं."

तेव्हा ती वाटणी मला जाच वाटायची. काल मात्र बरणीतला तो हात पाहून तीच वाटणी हवीशी वाटली. हे खायचं, हे टाकायचं. ही सकाळ, ही संध्याकाळ. हा आपला, तो परका. माणूस जगाचे असे कप्पे करतो आणि त्यांच्याच आधाराने अंधारातही घरभर न धडपडता फिरतो. आईचा एक कप्पा मोडला होता. आता पुढचा कोणता?

मी हळूच तिचा हात बाहेर काढला, नळाखाली धरला, बोटांना चिकटलेला मसाला चोळून धुतला आणि पदराने पुसला. ती माझ्याकडे बघत राहिली. मग ओशाळून हसली.

"राहू द्या हो," ती म्हणाली. "तुम्ही कशाला त्रास घेता?"