पुराच्या तळाशी काकू

आमच्या वरच्या मजल्यावरच्या काकूंना कुठलीच गोष्ट हळू सांगता येत नाही. जिन्यातून साधं “लाइट आली गो!” म्हणाल्या तरी खालच्या मजल्यावरची दारं उघडतात. त्यामुळे लेकीकडे अमेरिकेला गेलेल्या काकू सकाळी व्हिडिओ कॉलवर “मी पुराच्या तळाशी उभी आहे!” असं ओरडल्या, तेव्हा मुलुंडच्या डेअरीत माझ्या हातातली दुधाची पिशवी पडायचीच राहिली.

पण तो पूर हजारो वर्षांपूर्वीचा होता. बर्फाचा बांध फुटून सुटलेल्या पाण्याने डोंगर खरवडले आणि घराएवढे दगड माळावर आणून टाकले. अशाच एका दगडात कुणीतरी डबी लपवली होती. मोबाइल जागा दाखवतो आणि डबी आपण शोधायची, असा तो खेळ.

फोन लेकीकडे देऊन, गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्या काकू चक्क दगडावर चढायला लागल्या.

“आई, उतर! पडशील!” लेक रडकुंडीला आली.

“काकू, डावीकडच्या फटीत बघा!” मी ओरडले. डेअरीवालाही फोनमध्ये डोकावला.

“गावली गो!”

डबीत आपली एखादी वस्तू ठेवायची असते. काकूंनी बांगडीतली सेफ्टी पिन काढून ठेवली, बसत-घसरत खाली आल्या आणि लेकीचे दोन्ही हात धरून फुगडी घालायला लागल्या.

“आई, लोक बघतायत!”

“बघू देत!”

फोन गवतात पडला. आम्हाला नुसतं आभाळ दिसत होतं, आणि दोघींपैकी जास्त जोरात कोण हसतंय ते कळत नव्हतं.