दुसरी डिस्क

विजूभाऊ राठोड गेल्याचे त्यांच्या मुलीने फोनवर सांगितले, तेव्हा मी यवतमाळला वर्तमानपत्राच्या कार्यालयात पान तपासत होतो. हृदयविकाराचा झटका, दिग्रसला, राहत्या घरी. सवयीने एवढे टिपून घेतले.

दिग्रसच्या बसस्थानकाजवळ त्यांचे संगणक दुरुस्तीचे दुकान होते. गोरबोलीतले, म्हणजे बंजारा बोलीतले, शब्द आणि ते बोलणाऱ्यांचे आवाज जमवणाऱ्या एका मुक्त प्रकल्पात आम्ही दोघे काम करत होतो. हे सगळे काम इंटरनेटवरच्या एका सामायिक कोठारात राहते. कुणीही ते उतरवून घ्यावे. बहुतेक जण ताजी प्रत घेतात. विजूभाऊ कोठारच्या कोठार घेत. प्रत्येक शाखा, म्हणजे कामाचा प्रत्येक वेगळा फाटा, प्रत्येक जुनी दुरुस्ती, ती कुणी केली यासह. आठवड्यातून एकदा, जवळचा कापसाचा जिनिंग कारखाना बंद असे त्या दिवशी, कारण तेव्हा व्होल्टेज टिकून राही. त्यासाठी दोन डिस्क होत्या. एका आठवड्यात एक, पुढच्यात दुसरी. दोन्ही त्यांच्या आईच्या, म्हणजे याडीच्या, सुपारीच्या डब्यात असत.

एकदा आवराआवर करताना मी एक शाखा काम संपलेली समजून काढून टाकली. ती त्यांच्या तांड्याच्या आवाजांची होती. दुसऱ्याच दिवशी त्यांनी नवी प्रत उतरवली. तिकडे पुसलेले इकडेही पुसले गेले. माझ्या लक्षात आले ते आणखी दोन दिवसांनी. मी एसटीने दिग्रसला गेलो.

"पत्रकारभाऊ, तुम्ही त अख्खा तांडाच उठवला ना!"

"भाऊ, याडीचा आवाज त्यातच होता." याडी जाऊन तेव्हा वर्ष झाले होते.

"मले सांगता? माय माही हाये." मग माझ्याकडे पाहून म्हणाले, "तोंड काहून पाडून राह्यले? डबा काढा."

आधीच्या आठवड्याच्या डिस्कवर सारे जसेच्या तसे होते. शाखा परत चढवायला त्यांनी मलाच बसवले. लावून ऐकले, तर याडी बैलांच्या साजाची नावे सांगत होती आणि मध्येच कोंबडी हाकलत होती. तो आवाज कापू का, असे मी विचारले.

"ऱ्हाऊ द्या. कोंबडीबी प्रकल्पात हाये."

ही चूक त्यांनी प्रकल्पातल्या कुणालाही सांगितली नाही. मी आज सांगतो आहे.

तेरवीनंतर मुलीने तो डबा माझ्या हाती दिला. एका डिस्कवर त्यांच्या अक्षरातली शेवटची तारीख होती. पहिल्या आठवड्यात मी दुसरी डिस्क वापरली, ते सोपे होते. या आठवड्यात पाळी त्यांच्या डिस्कची होती. ती तशीच ठेवून तिसरी विकत घ्यावी, असे मनात आले. पण त्यांची रीत दोन डिस्कची होती, आणि तिच्यामुळेच याडीचा आवाज वाचला होता. यवतमाळला जिनिंगच्या सुट्टीशी माझा काही संबंध नाही. तरी वार तोच ठेवला. त्यांच्या तारखेखाली माझी तारीख लिहिली आणि डिस्क लावली.

काम पुरे झाल्यावर आधी याडीची फाइल उघडली. कोंबडी होती.