एका दोरीत बांधलेली भिंत

आमचे हे गवंडी. वाळत घातलेला टॉवेल तिरका दिसला तरी यांना चैन पडत नाही. त्यामुळे दारातली भिंत वाकडी झाली तेव्हा घरात काय रामायण झालं असेल, ते तुम्हीच ओळखा.

ती भिंत यांनी आणि यांच्या धाकट्या भावाने मिळून बांधलेली. भावजीही गवंडीच. दोघांची घरं शेजारीशेजारी, रस्त्याकडेची भिंत एकच. एकच दोरी ताणून अर्धी यांनी बांधली, अर्धी भावजींनी, आणि मधला सांधा कुठे आहे ते दाखवा म्हणून येणाऱ्याजाणाऱ्याशी पैजा लावल्या. पुढे नेमक्या त्या सांध्यावर चीर पडली. भावजींची बाजू रस्त्याकडे सरकली. यांनी सिमेंट भरलं, पुन्हा चीर. मग सासऱ्यांनी शिकवलेली युक्ती केली. चिरेवर आडवी काचेची पट्टी चिकटवायची. काच तडकली तर भिंत अजून हलतेय असं समजायचं. काच तडकली. दुसरी लावली, तीही तडकली.

झालं. यांनी निकाल देऊन टाकला, धाकट्याने पाया भरताना कामचुकारपणा केला. बोलले तेही घरात नाही, सिमेंटच्या दुकानात, चार गिऱ्हाइकांसमोर. ज्याचा पाया कच्चा त्या गवंड्याला काम कोण देणार? भावजींनी बोलणं टाकलं. कामं तुटत गेली, आणि यंदा त्यांनी घर सोडून सासुरवाडीला जायचं ठरवलं. जाऊ येऊन माझ्यापाशी रडली. मी यांना म्हटलं, तुमच्या जिभेला हाड नाही, आता तरी जाऊन बोला. तर म्हणे, भिंत खोटं बोलते का?

त्याच आठवड्यात कॉलेजातल्या भूगर्भशास्त्राच्या बाई गल्ली मोजायला आल्या. फुटपाथ, गटार, आमची भिंत, सगळं एकाच रेषेत मोडलं होतं म्हणे. चहा घेता घेता त्यांनी समजावलं. पृथ्वीचं कवच अखंड नाही, त्याचे मोठमोठे तुकडे आहेत. खोलवरचा तापलेला खडक घट्ट असूनही फार संथ वाहतो, आणि हे तुकडे त्याच्यावरून सरकतात, एकमेकांना घासतात. कुठे अडकून बसतात आणि सुटले की भूकंप होतो. इथे मात्र नखं वाढतात त्याहूनही सावकाश सरकतात. दोन तुकड्यांची हद्द आमच्या दोन घरांच्या मधून जाते.

"पण माझा पाया खडकावर आहे," हे म्हणाले.

"खडकच चालतोय, काका."

"मग सरकतंय कोण? तो की मी?"

इथे उभं राहून बघितलं तर ते, तिथून बघितलं तर तुम्ही, असं सांगून बाई गेल्या.

यांचं डोकंच चालेना. ओळंबा घेऊन घरातल्या सगळ्या चौकटी तपासल्या; सगळ्या सरळ. जेवताना ताट जरा पुढे ढकलायचे, मागे ओढायचे, आणि त्याच्याकडे बघत बसायचे. मग माणसाने मोजायचं तरी कशावरून, असं मला विचारलं. मला काय ठाऊक? ओट्याशी उभी राहिले की मीच पाय चाचपून ठेवायला लागले होते.

दुसऱ्या दिवशी हे भावजींच्या अंगणात गेले. मीही मागोमाग गेले. बांधलेलं सामान दारात होतं. भिंतीच्या आतल्या अंगाला, त्याच चिरेवर, काचेच्या पट्ट्यांची रांग होती. सगळ्या तडकलेल्या.

भावजी बाहेर आले. "मला वाटायचं, तुझीच बाजू सरकतेय."

"सरकतेय," हे म्हणाले. "तुझीही. पाया तुझा चांगला आहे."

"मला सांगून काय उपयोग? जिथे बोललास तिथे बोल."

म्हणून आम्ही तिघं दुकानात गेलो. यांनी दोन विटा उचलल्या आणि कवच, तुकडे, तापलेला खडक असं सुरू केलं. थोड्याच वेळात कोणती वीट कोणाची तेच विसरले. लोक हसायला लागले. कोणीतरी म्हणालं, म्हणजे चूक जमिनीची होय? यांचा चेहरा एवढासा झाला. मला फार वाईट वाटलं.

"मला सगळं कळलेलं नाही," हे म्हणाले. "माझ्या भावाचा पाया पक्का आहे, एवढं कळलंय. मी उगाच बोललो." आणि पुन्हा गोंधळून त्या विटांकडे बघत राहिले.

भावजी पुढे आले आणि यांच्या हातातली एक वीट काढून घेतली. "ही माझी, दादा. ती तुझी. आता सरकव."

भावजींचं सामान न्यायला ठरवलेल्या ट्रकवाल्याला आता येऊ नको म्हणून मीच कळवलं. या दोघांना काय विचारायचं!