शॉकच्या सकाळचं दही

माझ्या नवऱ्याला डिप्रेशन होतं, हे सांगायला मला लाज वाटत नाही. लाज त्यांना वाटायला हवी होती, जे आमच्याकडे चहा पीत त्याच्यासमोरच मला विचारायचे, "काऊन जी, डोक्याले करंट देते म्हणते? मानूस खुळा होऊन जाईन ना." तो ऐकत बसायचा. हिंगणघाटच्या कापसाच्या जिनिंगमध्ये सगळ्यांना हसवणारा माणूस, पण आता आंघोळीला उठेना, आणि पुढ्यात ताट ठेवलं की ताटाकडे बघून रडायचा. महिनोन् महिने गोळ्या घेऊन गुण आला नाही, तेव्हा वर्ध्याच्या डॉक्टरीणबाईंनी शॉक सुचवले. भूल देऊन झोपवतात आणि मेंदूत थोडा वेळ फिट आणतात, त्याला काही कळत नाही, असं त्यांनी मला नीट समजावलं.

पहिल्या शॉकनंतर बाईंनी मला कागदाची पट्टी दाखवली. मेंदूच्या रेघा आधी दाटीवाटीनं वरखाली, मग एकदम सपाट. मी पट्टी तशीच त्यांच्या टेबलावर ठेवून दिली. "फिटनंतर मेंदू असा शांत झाला, तर आम्हाला बरंच वाटतं," त्या म्हणाल्या. "पण गुण हळूहळू येईल. मध्ये खाडा करू नका."

हे मी घरी येऊन नणंदेला सांगितलं. आई गेल्यावर तिनंच त्याला वाढवलेलं, म्हणून या दिवसांत ती आमच्याकडेच राहायला आली होती. तर ही डोळ्याला पदर लावून म्हणते, "सपाट रेघ म्हंजे मानूस गेला. टीव्हीत पाह्यलं मी." तो समोर जिवंत बसला होता.

तिच्या घरची रीत अशी, की मोठ्या कामाला निघालेल्याच्या तळहातावर दही-साखर पडलीच पाहिजे. शॉकच्या सकाळी पोट रिकामं हवं, पाणीसुद्धा नको, हे सांगून सांगून माझी जीभ झिजली. तरी एकदा मी गाडी काढायला बाहेर गेले, तेवढ्यात हिनं त्याला दही चाटवलं. दवाखान्यात नर्सनं विचारलं, काही खाल्लं का? तो खरं बोलला. आता भुलीत उलटी झाली तर छातीत जाईल, म्हणून त्यांनी आम्हाला परत पाठवलं. जरा कुठे स्वतःचे केस विंचरायला लागला होता, तो पुन्हा भिंतीकडे तोंड करून झोपला.

मी नणंदेला नाही नाही ते बोलले, आणि मला त्याचा पस्तावा नाही. "चमच्याभर दह्यानं का होते?" हे वर तोंड करून. माया आहे म्हणून सगळं माफ, हे कोणी ठरवलं? इथे माणसाचा जीव टांगणीला लागलाय आणि हिला शकुनाची पडलेली.

पुढच्या दोन खेपांना मी ती उठायच्या आतच त्याला घेऊन निघाले. तिसऱ्या खेपेला ती आमच्याही आधी उठून दारात उभी, हातात वाटी. माझं डोकंच तडकलं. मी तोंड उघडणार, एवढ्यात त्यानं आपला हात मागे घेतला.

"आता नको, बाई. वापस आल्यावर देजो," तो बहिणीला म्हणाला. "आन् भाकर टाकून ठेवजो. मले भूक लागते मंग."

किती महिन्यांनी त्याच्या तोंडी भूक आली होती. नणंद वाटी धरून तशीच उभी राहिली. मी मुद्दाम खेकसले, "चला लवकर, उशीर होतोय," कारण मला तिच्यासमोर रडायचं नव्हतं.